झोळ काढलेलं शीड

कडुबा : वढ. अजून वढ. कोपरा धर न् भिंतीकडं सरक. आता बघ मेघे, एक तरी सुरकुती दिसती का?

मेघा : नाही दिसत.

कडुबा : हात फिरव वरून. फिरव की! विहाराच्या फरशीत न् तुझ्या शिडात काय फरक घावतो का सांग.

मेघा : बाबा, थांबा जरा. हे इतकं सपाट कसं झालं?

कडुबा : त्यालाच हुनर म्हणतेत बाई. भामे, ऐकलं का? लेक इचारायली, सपाट कसं झालं!

भामाबाई : ऐकलं. तीन दिवस झाले तेच ऐकायले मी. आधी पोरीला चहा तर घिऊ द्या. सकाळच्या गाडीनं उतरली, घरी बी आली नाय, सरळ हितं विहारात.

मेघा : चहा राहू दे आई. बाबा, मी फोनवर काय सांगितलं होतं? मधली शिवण उसवलीय, हातभर फाटलंय, तेवढं शिवा.

कडुबा : न् तेवढंच शिवून दिलं तर मंग कारीगर कशाला पायजे? बजाजनगरात सुई-दोरा कुणाच्या बी घरी घावतो. ऐक. रविवारी टेम्पोवाल्यानं हे धूड आणून टाकलं. दुकानात मावंना, म्हणून अध्यक्षाला इचारून हॉल घेतला, सतरंज्या गुंडाळल्या न् पसरलं. पसरलं तर काय, बसंच ना! मधीच फुगायलंय, कडंला वढायलंय. चाळीस वर्षं ट्रकाच्या ताडपत्र्या शिवतोय, पर असा झोळ म्या जिंदगीत बघितला नव्हता.

मेघा : मग काय केलंत?

कडुबा : शिवणी उसवून बघितल्या. तव्हा कळलं, पट्ट्याच वाकड्या कापलेल्या. एक बी कड सरळ नाय. कुण्या आडाण्यानं शिवलं व्हतं काय म्हाईत.

मेघा : बाहेरच्या देशातून आलंय ते शीड.

कडुबा : मंग तिकडं बी आडाणी हायेत म्हणायचं.

भामाबाई : नाचता येईना, अंगण वाकडं.

कडुबा : तू गप. मेघे, सातच्या सात शिवणी सूत धरून सरळ मारल्या म्या. जास्तीचं कापड आत दुमडलं. झोळ पार काढून टाकला. आता या शिडावर पाण्याचा एक थेंब थांबायचा नाय!

मेघा : सातच्या सात?

कडुबा : सातच्या सात. लेकीच्या बोटीचं काम, त्यात कुचराई कशी करू?

मेघा : मला बसू दे जरा.

भामाबाई : काय झालं गं? तोंड कामून उतरलं तुझं?

मेघा : आई, शिडाला झोळ लागतोच. मुद्दाम ठेवतात. त्याच्यातच वारा भरतो आणि बोट पुढं जाते. बाबांनी नेमका तोच काढलाय.

कडुबा : काय बोलायलीस? झोळ मुद्दाम?

मेघा : मुद्दाम, बाबा. त्या पट्ट्या वाकड्या कापलेल्या नव्हत्या, गोलाई देऊन कापल्या होत्या.

कडुबा : गोलाई! चाळीस वर्षांत कुण्या गिऱ्हाइकानं मला झोळ घालून मागितला नाय.

मेघा : कारण तुमची गिऱ्हाइकं ट्रकवाली आहेत! अहो, परवा माझी परीक्षा आहे. शुक्रवारी. सुदर्शन सर स्वतः बोटीवर येणार आहेत.

भामाबाई : सुदर्शन म्हंजी ते वाळूजचे कारखानेवाले? ज्यांनी याट घेतली ते?

मेघा : तेच. एनसीसीच्या कॅम्पात शिडाची होडी शिकले, म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी मला याटीवर मदतनीस घेतलं. आता दिवाळीपासून पाहुणे येणार. तीन-तीन दिवसांची सफर, जयगडच्या खाडीतून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं मालवणपर्यंत, वाटेत गळ टाकून मासेमारी. त्याला कॅप्टन पाहिजे. सर म्हणाले, "मेघा, शुक्रवारी ‘आवडाबाई’ खाडीबाहेर ने आणि परत आण. इंजिन बंद, नुसत्या शिडावर. जमलं तर कॅप्टन तू. इंजिनाला हात लावलास तर मी गोव्याचा माणूस बोलावतो."

भामाबाई : आवडाबाईला न्यायचं? ही कोण?

मेघा : बोटीचं नाव आहे आई. सरांच्या आजीचं.

भामाबाई : चांगलंय की. म्हातारी शेवटी समुद्रावर गेली म्हणायची.

मेघा : आई, हसू नकोस गं! मागच्या शनिवारी शीड उसवलं तेव्हा सर मुंबईला पाठवणार होते. तिथं महिना लागला असता. मी छातीठोकपणे म्हणाले, माझे बाबा शिवतील, माझ्या बाबांसारखा कारागीर नाही. सगळ्यांसमोर म्हणाले. आणि आता मी हे पत्र्यासारखं कापड घेऊन जाऊ?

कडुबा : पत्रा म्हणायली बघ. तीन दिवस गुडघं टेकून शिवलंय म्या. पाठ धरलीय माझी. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!

भामाबाई : आवं, पोर रडकुंडीला आलीय न् तुम्ही म्हणी सांगायले.

कडुबा : मंग तिनं आधी सांगायचं व्हतं! मला काय म्हाईत समुद्रातली रीत? म्या आयुष्यात हर्सूलचा तलाव सोडून मोठं पाणी बघितलं नाय.

मेघा : चुकलं माझं. सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, फाटलेलं शिवायला काय सांगायचं.

कडुबा : तुझं नाय चुकलं. पर मला एक समजाव. कापडाला झोळ असला की गाडी पुढं कशी जाईल? झोळ तर मागं वढतो. कन्नडच्या घाटात जा. ताडपत्री ढिली बांधलेली असली न् खालून वारा शिरला की अशी फुगती, अशी फुगती, की लोड गाडी जागच्या जागी दमती. ड्रायव्हर आईबहिणीवर शिव्या घालतो. तीन-तीन रस्सं तुटलेले बघितलेत म्या. मागच्याच वर्षी लासूरच्या कांदेवाल्याचा ट्रक...

मेघा : बाबा! तेच!

कडुबा : काय तेच?

मेघा : तीच ताकद पाहिजे मला! ट्रकला मागं ओढते ना? मी शीड असं धरते की ती बोटीला पुढं ओढेल. लोड ट्रक दमतो म्हणता, म्हणजे बारा टन तरी असेल. माझी बोट सहाच टनांची आहे.

कडुबा : थांब, थांब. म्हंजी जी फुगी मी चाळीस वर्षं मारत आलो...

मेघा : तीच मला पाहिजे.

कडुबा : आयला! भामे, ऐकलं का?

भामाबाई : ऐकलं. करायला गेलो गणपती न् झाला मारुती. आता सरका बाजूला, मला बघू द्या. मेघे, ही शिवण बघ. ह्यांनी कापड मधी जास्ती दुमडलंय, टोकाला कमी. खरं का?

मेघा : हो. मध्ये जास्त गोलाई असते.

भामाबाई : मंग हे झंपरच की गं. टक्स कशाला घालतेत? सपाट कापडाला पोट यावं म्हणून. पोटाशी रुंद, टोकाला निमुळतं. बजाजनगरातल्या निम्म्या बायांचे झंपर मी शिवते, न् हे मला इचारतेत का कव्हा? नाय. हे ताडपत्रीवाले, मोठे कारीगर!

कडुबा : आता मला काय सपान पडलं व्हतं, शिडाला झंपराचं माप लागतं म्हणून?

मेघा : बाबा, खरं सांगा. जास्तीचं कापड कापलं का तुम्ही?

कडुबा : कात्री? कात्री नाय लावली. गिऱ्हाइकानं बघितल्याबिगर कात्री लावायची नाय. उस्तादांची शिस्त हाय ती. आत दुमडून ठिवलंय सगळं.

मेघा : सगळं आत आहे? बाबा, खरंच?

कडुबा : बोट बोट सगळं आत हाय. उसवलं की भाईर. पर मेघे, किती भाईर सोडायचं? कुठं दोन बोटं, कुठं चार? तुझ्याकडं माप हाय का?

मेघा : नाही. माप बनवणाऱ्याकडं असतं.

कडुबा : मंग झालं! अंदाजानं सोडलं न् कमीजास्ती झालं, तर?

भामाबाई : अंदाज कशाला? हितं उजेडात या. ही दुमड उलटून बघा. झंपर ढिला करायला आला की मी काय करते? जुनी भोकं बघते. सुईचं भोक बुजत नसतं. धुवा, इस्त्री करा, काय बी करा, ऱ्हातं. हे बघा, एक, दोन, तीन... कशी रांगंनं गेलीत, गोल.

मेघा : आई! दिसतायत! इथून वर, असं वळत. आणि बाबा, बघा ना, भोकांच्या आतलं कापड पांढरंशुभ्र आहे, बाहेरचं उन्हानं पिवळं पडलंय. जुनी शिवण इथपर्यंत झाकलेली होती!

कडुबा : व्हय की. व्हय व्हय! दोन-दोन खुणा हायेत. भामे, खडू आण. निळा आण, निळा. मेघे, तू भोकं शोध न् खडूनं ठिपकं दे. तुझी आई उसवल. मी मशीन घेतो. गाडी कव्हा तुझी?

मेघा : उद्या संध्याकाळी, रत्नागिरीची.

कडुबा : मंग लई वेळ हाय! सात शिवणी म्हंजी काय. चल, उठ, पटपट!

भामाबाई : चहा राह्यलाच की.

कडुबा : चहा हितंच आण. पर शिडापासून लांब ठिव. डाग पडला तर सुदर्शन सायेब म्हणतेल, कारीगर चहाबाज दिसतोय.

मेघा : बाबा, एक अडचण आहे. ही मधली शिवण. जिथं फाटलं होतं तिथं तुम्ही ठिगळ लावलंय. हातभर भोकंच नाहीत.

कडुबा : ते कापड चिंध्या झालं व्हतं. टाकून द्यावं लागलं.

मेघा : आणि नेमका तिथंच सगळ्यात जास्त झोळ असतो.

कडुबा : आं? आता?

भामाबाई : आता काय. अलीकडची भोकं हायेत, पलीकडची हायेत. मधी हातानं जोडायचं. द्या खडू हिकडं.

कडुबा : हातानं? भामे, हे झंपर नाय. सायबाची याट हाय. पोरीची नोकरी हाय.

भामाबाई : झंपर नाय म्हणून काय झालं. आवडाबाईचंच हाय ना? बाईच्या अंगाला कसं बसंल ते माझा हात मला सांगल. धरा इकडून. श्वास सोडू नका... हं. अशी. बघ मेघे, बरुबर दिसती का रेघ?

मेघा : मला तर बरोबर वाटतेय. पण खात्री नाही आई. पाण्यावर गेल्याशिवाय कळणार नाही.

कडुबा : मंग ऐक. मी येणार.

मेघा : कुठं?

कडुबा : बोटीवर. रिवाज हाय तो. जो शिवल त्यानं पयल्यांदा खाली बसायचं. शहागंजात उस्तादांनी माझी पयली ताडपत्री टांगली, मला खाली बसवलं न् वरून सहा बादल्या वतल्या. चौथ्या बादलीला गळली. उस्ताद म्हणले, "बेटा, अब बैठा रह. तेरे गिऱ्हाक के सर पे गिरनेवाला पानी पहले तेरे सर पे." तव्हापासून माझ्या हातचा एक बी नग मी खाली बसल्याबिगर दिला नाय.

मेघा : पण तिथं बादली नाही बाबा, समुद्र आहे. तुम्हाला तर रांजणगावच्या पुलावरून खाली बघितलं तरी गरगरतं.

कडुबा : गरगरू दे. जिम्मेदारी माझी हाय.

भामाबाई : न् मी काय घरी बसून दळण निवडू? मधली हातभर शिवण माझी हाय. मी बी येणार. मेघे, तिथं मासे घावतेत म्हणलीस ना?

मेघा : बोटीच्या मागं गळ सोडून ठेवतो आम्ही. चालता चालता लागतात.

भामाबाई : धरणाच्या फुगवट्यावर लहानाची मोठी झाले मी. सात वर्षांची असताना पाच किलोची वांब वढली व्हती एकटीनं. इचार तुझ्या मामाला.

मेघा : मामा दोन किलोची म्हणतो.

भामाबाई : त्यो जळतो. माझं तिकीट काढ.

(शुक्रवारी सकाळी, जयगडच्या खाडीच्या तोंडाशी, ‘आवडाबाई’वर. सुदर्शन सर पुढच्या टोकावर पाय सोडून बसलेले.)

कडुबा : आयायायाय! मेघे, हे संपतंय कुठं?

मेघा : नाही संपत बाबा. तुम्ही डोलकाठीच्या बुडाशी बसा आणि हा दोर घट्ट धरा. डोक्यावर जो आडवा दांडा आहे ना, तो वळताना इकडून तिकडं जातो. मी ‘डोकी खाली’ म्हणाले की वाकायचं. विचारायचं नाही, वाकायचं.

कडुबा : वाकलो समज.

भामाबाई : सायेब काय बोलंनात गं. नाराज हायेत का?

मेघा : नाही. परत येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलंय त्यांनी. सूचना नाही, मदत नाही. परीक्षा इथून सुरू, आता इंजिन बंद करते.

कडुबा : बंद? लगीच? जरा पुढं...

मेघा : बंद. बाबा, दोर ओढा. शीड वर घ्यायचंय. एक, दोन, ओढा! आणखी! बास!

कडुबा : गेलं वर! सगळं गेलं! काय उंच दिसतंय गं. पर हे तर लोंबायलंय. मेघे, हे नुसतं लोंबायलंय! झोळ मेला का काय?

मेघा : वाराच नाही बाबा. पहाटेचा वारा पडलाय, समुद्रावरचा यायचाय. थांबायचं.

भामाबाई : थांबलो तर मंग आपण सरकायलो कसं? ते पांढरे डबे मघाशी लांब व्हते. आता हे बघ, कांद्याच्या गोणीएवढे दिसायलेत.

मेघा : ओहोटी आहे. पाणीच बाहेर चाललंय, आपल्याला घेऊन. ते डबे म्हणजे कोळ्यांच्या जाळ्याच्या खुणा. जाळ्यात सुकाणू अडकलं तर संपलं.

कडुबा : मंग इंजिन लाव की!

मेघा : नाही.

कडुबा : मेघे, ऐक माझं. नोकरी गेली तर दुसरी बघू. मी सायबाच्या पाया पडतो, सांगतो चूक माझी हाय, शीड मी बिघडवलं...

मेघा : बाबा, गप्प बसा! शीड बिघडलेलं नाही. मला माहितीय. तिकडं बघा, पश्चिमेला. पाण्यावर काळपट पट्टा दिसतोय का?

कडुबा : ढगाची सावली असंल.

मेघा : ढग आहेत का वर? वारा आहे तो. सरकत येतोय. दहा मोजा.

भामाबाई : एक, दोन, तीन, चार...

कडुबा : डबे आले गं! हात लांब केला तर लागतेल!

भामाबाई : ...सहा, सात... पदर हलला. मेघे, माझा पदर हलला!

मेघा : दोर धरा बाबा, सोडू नका! आला!

कडुबा : भरलं! भामे, भरलं! वर बघ, वर बघ! कसं फुगलंय! सातच्या सात शिवणी गोल झाल्या! दोर हातातनं वढायलाय, घाटातल्या ट्रकासारखा वढायलाय!

मेघा : ओढू दे! चाललो आपण! आई, मागं बघ, डबे मागं पडले!

भामाबाई : मधली शिवण बघा आधी. माझी हातभर.

कडुबा : कुठंय? शोधायलो. नाय घावत मला. कुठनं कुठवर तुझी हाय तेच दिसंना. एकसारखं पोट धरलंय. सांगू का, मला तसली रेघ मारता आली नसती. कबूल करतो. समुद्रावर कबूल करतो!

भामाबाई : बजाजनगरात गेल्यावर बी कबूल करा. चार माणसांत.

मेघा : आता पाण्यात तो लाल पिंप तरंगतोय ना, त्याला वळसा घालून परतायचं. आई, गळाची दोरी हातात राहू दे, पण बोटाला गुंडाळू नकोस.

भामाबाई : मला शिकवू नको. तू गाडी चालव.

कडुबा : मेघे, किती जोरात चाललोय आपण?

मेघा : सायकलएवढं असेल.

कडुबा : सायकल? मला तर समृद्धीवर असल्यागत वाटायलंय! आवाज नाय, धूर नाय, डिझेल नाय. नुसतं कापड! माझ्या उस्तादांनी हे बघायला पायजे व्हतं. त्यान्ला म्हणलो असतो, तुम्ही जी फुगी मारायला शिकवली ती...

भामाबाई : ए मेघे! लागला!

मेघा : काय लागला?

भामाबाई : मासा! मोठा हाय गं! दोरी सरसर चाललीय!

मेघा : आत्ता? आई, पिंप आलं, मला आत्ताच वळायचंय. पलीकडं खडक आहेत. सोड त्याला!

भामाबाई : सोडू? पयल्या दिवशी? नाय सोडत.

मेघा : आई, मी सांगतेय ना! वळताना दोरी सुकाणूत जाईल. ढील दे नाहीतर कापून टाक. वाद नको!

भामाबाई : बरं बाई, ढील दिते. सुकाणूच्या भाईरून धरते, उभी ऱ्हाते. वळ तू. वळ! मी हाय!

मेघा : वळतोय! डोकी खाली!

कडुबा : वाकलो, वाकलो! आयला, केसांवरून गेला!

मेघा : बाबा, दोर सोडा. आता या बाजूचा ओढा. जोरात! आई, तू आहेस ना?

भामाबाई : हाय. त्यो बी हाय! वळला आपल्यासंगं!

मेघा : पिंप मागं पडलं! वळलो! बाबा, वळलो आपण!

कडुबा : दुसऱ्या बाजूनं बी भरलं गं! तिकडून बी तसंच पोट! दोन्ही अंगांनी बसलंय!

भामाबाई : आता तुम्ही शिडाचं बंद करा न् कुणी तरी हात द्या मला! चांदीवाणी चमकायलाय. मेघे, हा काय असतो?

मेघा : सुरमई! आई, सुरमई आहे! मी सुकाणू सोडू शकत नाही. बाबा, तुम्ही जा.

कडुबा : मला खाली बसायचंय. परत येईस्तवर उठायचं नाय, रिवाज हाय.

भामाबाई : आग लागो रिवाजाला! अगं, आले, सायेबच पळत आले. जाळीचा झेला घिऊन आले. खाली धरा सायेब, खाली. डोकं आधी. हं... घ्या वर! आला!

कडुबा : किती असंल?

भामाबाई : तीन किलो तरी.

मेघा : दोन असेल.

भामाबाई : मामावर गेलीस तू. तीन हाय. बघ, सायबांनी बी तीन बोटं दाखवली. बोलंनात, पर मान डोलवायलेत. शर्ट भिजला त्यान्चा सगळा.

मेघा : मदत करायची नाही असं ठरलं होतं सर!

भामाबाई : ते म्हणतेत... नाय, म्हणंनात, खुणेनं सांगायलेत, मदत तुला नाय केली, मला केली.

कडुबा : सायेब, रागावू नका. तुमच्या शिडातला झोळ मी काढला व्हता. पार सपाट केलं व्हतं. लेकीनं न् बायकोनं परत घातला. हे तुमच्या कानावर घालायला पायजे व्हतं, घातलं.

मेघा : बाबा, कशाला आत्ता!

कडुबा : आत्ताच. मी शिडाखाली बसून खोटं बोलत नसतो. हां, हसले. गेले पुढं आपल्या जागंवर.

भामाबाई : परत गेल्यावर पोहे खाताना सांगता आलं नसतं का? पोरीचं काय झालं असतं?

मेघा : राहू दे आई. बरं केलं. मलाही ते लपवलेलं खुपत होतं.

कडुबा : मेघे, तू मघाशी मला गप्प बसा म्हणलीस.

मेघा : घाई होती बाबा. रागावलात?

कडुबा : नाय. म्हणलीस न् मी बसलो. चाळीस वर्षांत मी उस्तादांनंतर कुणाच्या सांगण्यावरून गप बसलो नव्हतो. तेच सांगायलो.

भामाबाई : माझ्या सांगण्यावरून तर कव्हाच नाय.

मेघा : वारा आता पाठीमागून येतोय. शीड पूर्ण सोडते. बघा बाबा, आता सगळ्यात छान दिसतं. झोपलात तरी चालेल, सरळ खाडीत जाईल.

कडुबा : झोपतो कशाला. असं खालून बघतो. केवढं कापड, न् कसं श्वास घ्यायलंय. मेघे, एक सांग. पुढच्या साली दुसरं शीड लागंल का तुला?

मेघा : पुढचं लहान शीड जुनं झालंय. का?

कडुबा : मंग मुंबईला पाठवू नको. पयल्यापासून आम्हीच कापू. मशीन माझी, रेघ तुझ्या आईची. अध्यक्षाला मी हॉल सांगून ठिवतो.

भामाबाई : आधी ही नोकरी तर मिळू द्या तिला.

मेघा : जयगडचा किल्ला मागं गेला. पाणी शांत झालं बघा. खाडीत आलो आपण.

भामाबाई : इंजिन?

मेघा : किल्लीसुद्धा खिशातच आहे. शीड सैल करतेय. हळूहळू थांबेल आता.

भामाबाई : मेघे, तुझे सायेब पुढून काय तरी म्हणले गं.

मेघा : ऐकलं मी.

कडुबा : मला या फडफडीत काय ऐकू आलं नाय. काय म्हणले?

मेघा : म्हणाले... "कॅप्टन, नांगर कुठं टाकू?"

कडुबा : कुणाला इचारायलेत?

मेघा : मला, बाबा.

कडुबा : मंग सांग की. माणूस दोर धरून उभाय.